मधला मेंदू, बारापेडी डीएनए आणि चांदोलीचं भेकर

आयर्विनपलीकडचा (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. तीन वर्षं वाचनमात्र आहे, आज पहिल्यांदा धागा काढतोय. चुकलं तर सांभाळून घ्या.

गेल्या रविवारी साताऱ्याला ताईकडे गेलो होतो. भाची पाचवीत आहे. चहा ठेवता ठेवता ताई म्हणाली, "थांब, तुला एक दाखवायचंय." पोरीच्या डोळ्यांवर काळी पट्टी बांधली आणि पुढ्यात रंगीत कार्डांचा गठ्ठा ठेवला. पोरगी एकेक कार्ड उचलते, नाकापाशी नेते, हुंगल्यासारखं करते नि सांगते, "पिवळा. निळा. ह्याच्यावर सात काढलाय." एकही चुकलं नाही. भाऊजी मोबाईलवर शूटिंग करतायत, ताईचे डोळे भरून आलेले. मी चहा गार होईस्तोवर बघत बसलो.

दोन दिवसांचं शिबिर, फी अठरा हजार. कुणाचं ते लिहीत नाही, भांडण काढायचं नाहीये. पण त्यांचं माहितीपत्रक खिशात घालून सांगलीला आणलं आणि आठवडाभर तेच वाचतोय. त्यात म्हटलंय की माणूस मेंदूचा १० टक्केच भाग वापरतो आणि 'मधला मेंदू' जागा केला की उरलेला उघडतो. आपल्या पूर्वजांचा डीएनए बारा धाग्यांचा होता, कलियुगात दोनच उरले. ९८ टक्के डीएनए शास्त्रज्ञांनी 'कचरा' म्हणून सोडून दिलाय, खऱ्या शक्ती तिथंच निजल्यात. आणि शेवटच्या पानावर, चौकटीत: वानरांची गुणसूत्रं ४८, माणसाची ४६. दोन गुणसूत्रं एकमेकांना जोडली गेलीत, असा जोड निसर्गात आपोआप होऊच शकत नाही, म्हणजे कुणीतरी 'वरून' येऊन तो केलाय.

मी बी.कॉम. आहे, पतसंस्थेत ताळेबंद बघतो. सगळंच खोटं असतं तर कागद कधीच रद्दीत गेला असता. पण ४६ आणि ४८ मी शोधून पाहिलं, ते खरं निघालं. जोडसुद्धा खरा आहे म्हणे. ९८ टक्केही कुठंतरी वाचलंय. आता यातलं नाणं कुठलं खरं आणि कुठलं खोटं, कसं ओळखायचं? जाणकारांनी प्रकाश टाकावा. ताईशी बोलायचंय, आणि बोलण्याआधी मला स्वतःला कळायला हवं.

भडंग विदाउट शेंगदाणे

धाग्यांवर धागा! बारा होईपर्यंत हलत नाही. परात भरून भडंग घेऊन बसलोय.

कोयनाकाठची

धागाकर्ते, प्रश्न चांगला विचारलात. मी कराडला ज्युनिअर कॉलेजात जीवशास्त्र शिकवते, तुमच्या कागदासारखे कागद माझ्या टेबलावर दर जूनमध्ये येतात.

१० टक्क्यांचं आधी उरकून टाकू, त्यात फार दम नाही. मेंदूचं वजन साधारण १.३ ते १.४ किलो, म्हणजे अंगाच्या २ टक्के, पण खातो २० टक्के ऊर्जा. चार-पाच वर्षांच्या पोराचा मेंदू तर त्याच्या रोजच्या ऊर्जेतली ४० टक्क्यांहून जास्त एकटा ओढतो. दहातले नऊ कामगार बसून खातायत असा कारखाना निसर्ग चार दिवससुद्धा चालू देत नाही. शिवाय पक्षाघाताच्या रुग्णाला विचारा. मेंदूतली सुपारीएवढी जागा गेली तरी कुणाची वाचा जाते, कुणाचा हात जातो. ९० टक्के भाग रिकामा असता तर दहातले नऊ झटके कळलेही नसते.

'मधला मेंदू' मात्र खरोखर असतो. मेंदूच्या देठाचा वरचा तुकडा, जेमतेम दोनेक सेंटिमीटर. डोळ्यांच्या हालचाली, बाहुलीचं आकुंचन, दचकून आवाजाकडे मान वळणं, ही त्याची कामं. कंपवातात ज्या पेशी मरतात त्या याच भागात असतात. तो 'जागा' नसेल तर माणूस बेशुद्ध असतो, त्यामुळे शिबिराला चालत आलेल्या प्रत्येक पोराचा तो जागाच असतो. उत्क्रांतीत हा भाग फार जुना, बेडकालाही आहे, माशालाही आहे. माणसाचं वेगळेपण शोधायला तिथं जाणं म्हणजे चुकीच्या एस.टी.त बसणं.

पट्टीबद्दल एवढंच सांगते की नाकाच्या दोन्ही बाजूंना फट राहते. स्वतः बांधून बघा. कार्ड नाकापाशी का न्यावं लागतं, याचं उत्तर तिथं आहे. पुढच्या वेळी तेच कार्ड कपाळासमोर धरायला सांगा, नाहीतर पोहण्याचा गॉगल आतून काळा कागद लावून घाला. पण एक विनंती, हे चारचौघांत करू नका. पोरगी दहा वर्षांची आहे, फजिती तिची होईल, शिबिरवाल्याची नाही.

सह्याद्रीवेडा

वाचनखूण साठवली. नरेंद्र दाभोलकर साताऱ्याचेच, आयुष्यभर हेच सांगत फिरले. त्याच गावात पट्टी बांधून कार्डं वाचतायत, काय बोलणार.

सहस्रार

सगळ्यांची मतं वाचली, आदर आहे. मी विश्रामबागला राहतो, बारा वर्षं ध्यान करतो. शिबिरांचा धंदा मलाही पटत नाही, अठरा हजार ही लूट आहे. पण म्हणून मूळ विचारच उडवून लावायचा का?

विज्ञान आज 'नाही' म्हणतं आणि उद्या 'हो' म्हणतं. बार्बरा मॅक्क्लिंटॉक यांनी सांगितलं की जनुकं जागा बदलतात, उड्या मारतात. लोकांनी कानाडोळा केला. १९८३ साली नोबेल द्यावं लागलं. लिन मार्ग्युलिस यांनी १९६७ साली लिहिलं की आपल्या पेशीतली ऊर्जा बनवणारी मायटोकाँड्रिया म्हणजे एकेकाळचे स्वतंत्र जिवाणू. तो लेख आधी डझनभर नियतकालिकांनी परत पाठवला होता. आज शाळेच्या पुस्तकात आहे. रेमंड डार्ट यांना १९२४ साली दक्षिण आफ्रिकेत ताउंगच्या बालकाची कवटी मिळाली, ते म्हणाले हा माणसाचा पूर्वज. इंग्लंडातले मोठमोठे पंडित वीसेक वर्षं 'हे तर माकडाचं पिल्लू' म्हणत राहिले. शेवटी खरे कोण ठरले?

आणि २०१३ सालचा उंदरांचा प्रयोग. एका विशिष्ट वासाबरोबर विजेचा झटका देऊन उंदरांना घाबरवलं, तर त्यांची पिल्लं आणि नातवंडंही त्या वासाला दचकत होती, कधी झटका न बसता. मग पूर्वजांच्या स्मृती आपल्यात आहेत असं कुणी म्हटलं तर एवढं हसायचं कारण काय? बाराचा आकडा प्रतीक म्हणून घ्या.

भडंग विदाउट शेंगदाणे

फीचा आकडापण प्रतीक म्हणून घेत्यात का विचारून घ्या.

गुरांचा डॉक्टर

भडंगराव, थांबा जरा. सहस्रार सरांनी मुद्दे चांगले काढलेत, उत्तर द्यायला पाहिजे.

मी शिराळ्याकडचा. तीस वर्षं गुरं तपासतोय, आता निवृत्त. पत्रकातल्या शेवटच्या चौकटीवर बोलतो, कारण ते माझ्या धंद्यातलं आहे. 'गुणसूत्रांचा जोड निसर्गात होऊच शकत नाही' असं ज्यानं लिहिलं, त्यानं कधी वळूचा रिपोर्ट बघितला नाही.

गाईला गुणसूत्रं ६०. स्वीडनमध्ये १९६४ साली ५९ वाली जनावरं सापडली. १ नंबरचं आणि २९ नंबरचं एकमेकांना चिकटलेलं. जनावर दिसायला धडधाकट, दूध व्यवस्थित. फरक एवढाच की गाय उलटण्याचं, म्हणजे गाभण न राहता पुन्हा माजावर येण्याचं, प्रमाण जरा वाढतं. म्हणून कृत्रिम रेतनासाठी वळू निवडताना आज गुणसूत्रांची तपासणी करतात. आता स्वीडनच्या गोठ्यात कोण 'वरून' उतरलं होतं?

आता म्हैस. आपली पंढरपुरी घ्या, मुऱ्हा घ्या, या नदीच्या म्हशी, गुणसूत्रं ५०. आग्नेय आशियात भातखाचरांत नांगराला जुंपतात ती दलदलीची म्हैस, तिला ४८. का, तर ५० मधल्या ४ नंबरचं आणि ९ नंबरचं तिच्यात एक झालंय. या दोघींचा संकर होतो, रेडकाला ४९ येतात, आणि ते रेडकू मोठं होऊन पुन्हा वितंसुद्धा. म्हणजे आकडा जुळला नाही तर वंश बुडतो, हेही दरवेळी खरं नाही. माणसांतही हजारात एखादा असा असतो की ज्याला जोडामुळं ४५ गुणसूत्रं असतात. त्याला स्वतःला पत्तासुद्धा नसतो, मुलं होण्यात अडचण आली तरच तपासणीत कळतं.

आणि सगळ्यात भारी नमुना आमच्या दारात आहे. चांदोलीच्या रानात भेकर आहे, हरणाच्या जातीतलं लहान जनावर. सांजच्याला कुत्र्यासारखं भुंकतं ते. भारतीय भेकराच्या मादीला गुणसूत्रं किती? ६. नराला ७. सस्तन प्राण्यांत एवढी कमी कुणाचीच नाहीत. १९७० साली हे कळलं तेव्हा बघणाऱ्यांचा स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास बसेना. त्याचा चिनी भाऊबंद आहे, दिसायला जवळपास तसाच, त्याला ४६. आपल्याएवढी! जोडावर जोड, जोडावर जोड होत ४६ च्या आसपासचे ६ झाले. माणसात एक जोड झाला तर देव आले, परग्रहवाले आले. भेकरात एवढे झाले तर त्याच्यासाठी कोण आलं होतं? आणि एवढं करून त्याला काय दिलं, तर भुंकायला?

फिरस्ता ८१

दंडवत घ्या डॉक्टर. भेकराचं माहीतच नव्हतं.

कोयनाकाठची

डॉक्टरसाहेब, हे मी उद्याच्या तासाला चोरणार आहे.

माणसाच्या जोडाबद्दल थोडी भर. आपलं २ नंबरचं गुणसूत्र म्हणजे चिंपांझी-गोरिलासारख्या वानरांची दोन, एकत्र जोडलेली. गुणसूत्राच्या टोकाला एक ठरावीक अक्षरओळ पुन्हापुन्हा येते, बुटाच्या नाडीच्या टोकाला प्लॅस्टिक असतं तशी. ती टोकालाच असायला हवी. २ नंबरच्या पोटात, बरोबर जोडाच्या जागी, ती ओळ समोरासमोर तोंड करून सापडली, १९९१ साली. शिवाय प्रत्येक गुणसूत्राला एक कंबर असते, याला दोन आहेत, त्यातली एक निकामी, नुसता वळ उरलाय. म्हणजे दोन नाड्यांची टोकं एकमेकांत बांधली की जे दिसेल नेमकं तेच. कुणी मुद्दाम शिवलं असतं तर गाठ एवढी ओबडधोबड ठेवली नसती.

आता पत्रकातला 'वरून' वाला भाग. हे डोकं मूळ झेकारिया सिचिन यांचं, १९७६ पासूनचं. प्राचीन इराकमधल्या सुमेरी पाट्यांचे स्वतःच अर्थ लावून त्यांनी सांगितलं की परग्रहावरच्या अनुनाकींनी साधारण ३ लाख वर्षांपूर्वी सोन्याच्या खाणीत राबायला माणूस घडवला. मला यातली एक गोष्ट आवडते, ती म्हणजे त्यांनी तारीख दिली. तारीख दिली की तपासता येतं. डेनिसोवा मानव म्हणजे आपला नामशेष झालेला भाऊबंद, त्याचा डीएनए २०१२ मध्ये नीट वाचला गेला, त्याच्यातही हा जोड आहे. त्याची आणि आपली वाट ३ लाख वर्षांच्या कितीतरी आधी फुटलेली. म्हणजे जोड त्याहून जुना. सिचिन यांचे अनुनाकी गाडी सुटल्यावर फलाटावर पोचले.

बारा पेडांचंही तसंच. (मी पेड म्हणते, वेणीसारखे.) स्पेनमधल्या एका गुहेतल्या ४ लाख ३० हजार वर्षांपूर्वीच्या हाडांतला डीएनए वाचलाय. १० लाखांहून जुन्या मॅमथचा, म्हणजे नामशेष झालेल्या केसाळ हत्तीचा, वाचलाय. दोनपेडीच आहे. वाळूतल्या जिवाणूपासून वडाच्या झाडापर्यंत दोनच पेड. कलियुग मॅमथच्या आधी सुरू झालं असेल तर माझा आक्षेप मागे घेते.

९८ टक्क्यांची गोष्ट जरा गुंतागुंतीची आहे, त्यात मला पत्रकवाल्याची थोडी कीव येते. प्रथिनं बनवण्याच्या कृती डीएनएच्या एक-दोन टक्क्यांतच आहेत, हे खरं. उरलेल्यात काही बटणं आहेत, कुठली कृती कधी आणि किती वेळ चालू ठेवायची याची. पण पुष्कळ भाग खरोखरच अडगळ आहे, जुन्या विषाणूंचे अवशेषच ८ टक्के आहेत. २०१२ मध्ये एका मोठ्या प्रकल्पानं '८० टक्के डीएनए कामाचा' असं जाहीर केलं आणि जगभर गदारोळ झाला, कारण 'कामाचा' या शब्दाचा अर्थच त्यांनी ऐसपैस ठेवला होता. तेव्हापासून मी पोरांना कांदा दाखवते. लोणंदच्या बाजारात ढिगानं पडतो तो कांदा, त्याचा डीएनए आपल्या पाचपट आहे. सगळ्या डीएनएत शक्ती निजलेली असेल तर कांदा आपल्याहून पाचपट सिद्धपुरुष.

भडंग विदाउट शेंगदाणे

म्हणूनच चिरताना रडायला येतं. भक्तिभाव.

संपादक

धागा छान चाललाय. व्यक्तिगत टोमणे नकोत. दोन प्रतिसाद उडवले आहेत.

रात्रपाळी

कुपवाड एमआयडीसीत रात्रपाळी करतो, मशीन चालू असताना वाचायला वेळच वेळ. मला अशा तिरपागड्या कल्पना फार आवडतात, त्यामुळे त्यांची थोडी बाजू घेतो.

टेरेन्स मॅकेना नावाचा अमेरिकन होता. १९९२ साली त्यानं मांडलं की आपले पूर्वज झाडावरून गवताळ रानात उतरले, जनावरांच्या शेणावर उगवणारी नशेची अळंबी त्यांनी खाल्ली, त्यानं नजर तीक्ष्ण झाली, शब्द सुचले, मेंदू वाढला. वाचताना मजा येते. आमच्याकडे पावसाळ्यात शेणावर कुत्र्याच्या छत्र्या उगवतात तेव्हा आठवण येतेच. पण मग मी गणित घातलं. इथिओपियात जिचा सांगाडा सापडला ती ल्युसी ३२ लाख वर्षांपूर्वीची, मेंदू जेमतेम ४०० घनसेंटिमीटरच्या वर. आपला साडेतेराशेच्या घरात. ही वाढ २० लाख वर्षांत पसरलेली, हजारो पिढ्या. आणि नशा कितीही केली तरी ती बीजात उतरत नाही. गावात तीन पिढ्या दारूत बुडालेली घरं दाखवतो, पोरांची नजर काही तीक्ष्ण झालेली नाही.

दुसरे जुलियन जेन्स, हेही १९७६. त्यांचं म्हणणं, तीनेक हजार वर्षांपूर्वीपर्यंत माणसाला 'मी' असं भान नव्हतं. मेंदूचा उजवा भाग हुकूम सोडायचा आणि डावा तो देवाचा आवाज म्हणून ऐकायचा. माझी आजी पालीच्या खंडोबाच्या यात्रेत अंगात आलं की दुसऱ्याच आवाजात बोलायची, नंतर विचारलं तर काही आठवायचं नाही. त्यामुळे जेन्स वाचताना माझ्या अंगावर काटा आला होता. पण लोक त्यांच्या नावावर 'तीन हजार वर्षांत मेंदू बदलला' असं खपवतात, ते त्यांनी म्हटलेलंच नाही. त्यांचा बदल भाषेचा आणि रीतीभातीचा होता, जनुकांचा नव्हता. आणि ऑस्ट्रेलियाचे मूळ लोक हजारो वर्षं बाकी जगापासून तुटलेले होते, त्यांना 'मी' कुणी शिकवला, इथं मी अडकलो. कल्पना टाकवत नाही आणि घेववत नाही, अशी आहे.

मॅडम, स्वयंपाकाचा सिद्धांत कुठल्या खात्यात टाकायचा? भाकरीमुळे मेंदू वाढला तो.

कोयनाकाठची

रिचर्ड रँगम यांचा. भाकरी नव्हे हो, भाकरी फार अलीकडची, कंदमुळं आणि मांस. चिंपांझी दिवसाचे सहाएक तास नुसतं चावण्यात घालवतो, आपण तासाभरात उरकतो. शिजवलेलं पचायला सोपं, आतडं लहान चालतं, वाचलेली ऊर्जा मेंदूला. मला हा विचार मनापासून पटतो, आणि म्हणूनच मी त्याच्याकडे जास्त संशयानं बघते. मेंदूची मोठी वाढ सुरू झाली १८-२० लाख वर्षांपूर्वी, आणि गुहेत विस्तव पेटवल्याचा चांगला पुरावा दक्षिण आफ्रिकेत १० लाख वर्षांपूर्वीचा. मधल्या ८-१० लाख वर्षांची राख सापडत नाही. रँगमना ते भोक माहीत आहे, ते लपवत नाहीत. तेव्हा 'विज्ञान, पण अजून उधारीवर' असं खातं काढा.

सहस्रार सरांना उत्तर द्यायचं राहिलंय. डार्ट खरे ठरले, मान्य. पण त्यांना वीस वर्षं कुणी अडवलं? पिल्टडाउनच्या कवटीनं. १९१२ मध्ये इंग्लंडात 'सापडलेली' कवटी, माणसाची कवटी आणि ओरांगउटानचा जबडा, कानशीनं दात घासून जुळवलेला. १९५३ पर्यंत पंडितांनी ती डोक्यावर घेतली, कारण त्यांना आधी मेंदू मोठा झाला असं हवंच होतं, आणि तोही इंग्लंडात. ताउंगचं पोर त्याच्या उलट सांगत होतं, मेंदू लहान आणि चाल दोन पायांची. म्हणजे विज्ञान सपशेल फसलं होतं. ही काही जुनीच गोष्ट नाही. २००५ मध्ये शिकागोच्या ब्रूस लान यांनी मेंदूच्या आकाराशी निगडित दोन जनुकांबद्दल सांगितलं की त्यांची नवी रूपं, एकाचं सुमारे ३७ हजार तर दुसऱ्याचं सुमारे ६ हजार वर्षांपूर्वीचं, झपाट्यानं पसरलीत आणि ती जगात सगळीकडे सारखी नाहीत. वर्णश्रेष्ठत्ववाल्यांनी लगेच ढोल वाजवले. मग कुणी काय केलं? शेकडो लोकांची ती जनुकं तपासली, बुद्धीच्या चाचण्या घेतल्या, मेंदूची मापं काढली. संबंध सापडला नाही. दोन-तीन वर्षांत फुगा बसला.

मॅक्क्लिंटॉक यांच्याकडे मक्याची कणसं होती, सर. ठिपक्याठिपक्यांचे दाणे, वर्षानुवर्षं लावलेली रोपं, कुणीही येऊन मोजावीत. बारा पेडांचं कणीस कुठाय? उंदरांच्या प्रयोगाबद्दल मी तुमच्याइतकी निर्धास्त नाही. त्याच्या आकडेवारीवर शंका घेतल्या गेल्यात, आणि बीजपेशी तयार होताना डीएनएवरच्या अशा खुणा बहुतेक पुसल्या जातात. पण प्रयोग हसण्यावारी नेण्यासारखा नाही, एवढं तुमचं खरं.

सहस्रार

मॅडम, बाराचं कणीस माझ्याकडे नाही. मान्य करतो. पण मग माणूस एवढा वेगळा का, याचं तुमच्याकडे काय आहे? चिंपांझीपेक्षा डीएनए एक-सव्वा टक्क्यानं वेगळा, आणि एक चंद्रावर जातो, एक केळं सोलतो. मला यात गूढ वाटतं, आणि ते वाटायला हवं असंही वाटतं.

कोयनाकाठची

मलाही वाटतं. म्हणून दोन गोष्टी सांगते, या कुठल्याही अनुनाकीपेक्षा विचित्र आहेत.

कोंबडी आणि चिंपांझी यांचा पूर्वज एक होता त्याला ३० कोटी वर्षं झाली. डीएनएत ११८ अक्षरांचा एक तुकडा आहे, कोंबडीचा आणि चिंपांझीचा शेजारी ठेवला तर २ अक्षरांचा फरक. ३० कोटी वर्षांत २! इतका जपून ठेवलेला. तोच तुकडा माणसाचा बघा, चिंपांझीपासून साठेक लाख वर्षांत १८ अक्षरं बदललेली. आणि तो चालतो कुठे, तर गर्भातल्या बाळाच्या मेंदूचा वरचा थर घडत असताना. कॅथरीन पोलार्ड यांनी तो २००६ मध्ये शोधला. १८ अक्षरांनी काय साधलं, हे अजून पूर्ण उलगडलेलं नाही. एक टक्का म्हणजे थोडं नव्हे, फरक किती यापेक्षा कुठे आहे हे बघायचं.

दुसरी तर मला वाचून झोप आली नव्हती. आठवण पक्की व्हायला लागणारं एक जनुक आहे, आर्क नावाचं. त्याचं प्रथिन २०१८ मध्ये सूक्ष्मदर्शकाखाली बघितलं, तर ते एकत्र येऊन गोळा होतं, हुबेहूब विषाणूच्या कवचासारखं. आत संदेश भरतं आणि एका पेशीतून दुसऱ्या पेशीकडे पाठवतं. कोट्यवधी वर्षांपूर्वी कुठल्यातरी पूर्वजाच्या डीएनएत घुसलेला विषाणूचा भाऊबंद, तिथंच वस्तीला राहिला आणि आठवणींच्या टपालखात्यात नोकरीला लागला. सहस्रार सर, अडगळीत काहीतरी निजलंय हे तुमचं म्हणणं इथं थोडं जवळ जातं. फक्त ते शिबिरात जागं होत नाही, तुम्ही हा प्रतिसाद वाचताय तेव्हा ते कामच करतंय.

सहस्रार

हे माहीत नव्हतं. शांतपणे वाचतो. आभारी आहे.

आयर्विनपलीकडचा

मंडळी, दोन आठवड्यांनी येतोय. पतसंस्थेत ऑडिट होतं.

तुमचं वाचून मला माझ्या भाषेत एवढं कळलं. आमच्याकडे दोन तऱ्हेची खाती येतात. एक चुकलेलं असतं, पण व्हाउचर लावलेली असतात, ताळा करता येतो, चूक सापडते. दुसरं दिसायला देखणं, बेरीज बरोबर, आणि व्हाउचर मागितलं की म्हणतात विश्वास नाही का आमच्यावर. लान यांचं खातं पहिल्या जातीचं. पत्रकातलं ४६-४८ खरं आहे, पण खऱ्या एका व्हाउचरखाली खोटी दहा बिलं टाचायची ही जुनीच युक्ती आहे. मी ती आयुष्यभर बघतोय आणि तरी ओळखली नाही.

आता पोरीचं. मॅडमनी सांगितलं तसं चारचौघांत काही केलं नाही. शनिवारी तिला एकटीला अजिंक्यताऱ्यावर घेऊन गेलो. वर बसून शेंगा खाल्ल्या. मी खिशातून रुमाल काढला, माझ्या स्वतःच्या डोळ्यांवर बांधला, नाकाखालून बघितलं नि म्हटलं, "तुझ्या चपलेचा पट्टा गुलाबी." ती आधी हसली. मग गप्प झाली. थोड्या वेळानं म्हणाली, "मामा, सगळेच तिथून बघतात. पहिल्या दिवशी मला येत नव्हतं तर सर म्हणाले तुझा विश्वास कमी पडतो. मग शेजारच्या मुलीनं सांगितलं खाली बघ. आणि आई इतकी खूश झाली ना..." पुढं काही बोलली नाही. मीही काही विचारलं नाही.

ताईला मी सांगितलं नाही. पोरीनंच सांगितलं, दोन दिवसांनी, रात्री भांडी घासताना. ताईचा फोन आला, बराच वेळ रडली, मग म्हणाली, "पण तिनं एवढे दिवस एकटीनं ओझं वागवलं रे." फी परत मिळत नाही म्हणतायत. भाऊजी अजून व्हिडिओ डिलीट करायला तयार नाहीत.

डॉक्टरसाहेब, उतरताना मी तिला तुमच्या भेकराची गोष्ट सांगितली. घरी येईपर्यंत डोकं खाल्लं. तिचा प्रश्न मला येत नाही, तुम्हालाच टाकतो: मादीला ६ आणि नराला ७ का? नराला एक जास्त कुठून आलं?

गुरांचा डॉक्टर

पोरीचा प्रश्न एक नंबर आहे. कॉलेजात मला हा कुणी विचारला नव्हता.

तिला कागद-पेन्सिल घ्यायला सांगा. एक मोठी जोडी काढायची, दोन काड्या. दुसरी जोडी, आणखी दोन. या चार नर-मादी दोघांत सारख्या. आता तिसरी जोडी. नर की मादी हे ठरवणारी गुणसूत्रं दोन, एक्स आणि वाय; भेकराचं एक्स गुणसूत्र याच तिसऱ्याला चिकटून बसलंय. मादीला एक्स दोन असतात, म्हणून तिच्यात अशा चिकटलेल्या काड्या दोन. चार आणि दोन सहा. नराला एक्स एकच, म्हणजे चिकटलेली काडी एकच. पण तिसऱ्याची जोडी पुरी करायला एक सुटी काडी लागते. आणि वरून त्याचं वाय, ते वेगळं, बारकुसं. चार, एक, एक आणि एक, झाले सात. नराला जास्त काही मिळालं नाही, त्याच्यातला एक जोड लागायचा राहिलाय एवढंच.

दिवाळीच्या सुट्टीत तिला घेऊन शिराळ्याला या. त्या वेळेला उद्यान उघडलेलं असतं. पहाटे निघायला लागंल, स्वेटर आणा. भेकर दिसंल याची खात्री देत न्हाई, भुंकलेलं ऐकू येईल.

भडंग विदाउट शेंगदाणे

मीपण येतो. भडंग माझ्याकडं लागलं.